जलमार्गांवरचा सरकारी पैसा: बांधकामाला मिळतो, खोली राखायला का मिळत नाही?

खोलपाणी

कुठल्याही देशातून ‘अंतर्गत जलमार्गांसाठी इतके हजार कोटी मंजूर’ अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: यातले बांधकामाला किती, आणि बांधून झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षं तो मार्ग चालता ठेवायला किती. पहिला आकडा मथळ्यातच असतो. दुसरा बहुतेक वेळा बातमीत कुठेच नसतो. धागा काढतोय तो त्या दुसऱ्या आकड्यासाठी.

रस्ता एकदा बांधला की खड्डे पडले तरी जागेवर राहतो. नदी मात्र दर पुरानंतर आपला तळ नव्याने मांडते. गेल्या वर्षी जिथून बार्ज (सपाट बुडाची मालवाहू बोट) सहज गेली तिथे यंदा वाळूचा दांडा आलेला असतो आणि खोल धार पलीकडच्या काठाला सरकलेली असते. शिवाय बार्जमध्ये माल किती भरायचा हे मार्गाच्या सरासरी खोलीवर ठरत नाही, सर्वांत उथळ जागेवर ठरतं. आठशे किलोमीटर उत्तम पाणी आहे आणि मध्येच दोनशे मीटरचा उथळा आहे, तर त्या दोनशे मीटरच्या हिशोबानेच माल भरावा लागतो.

जर्मनीत ऱ्हाईनच्या काठी काउब नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पाणीमापक पट्टीवरच्या आकड्याकडे रसायनं, कोळसा आणि इंधनाच्या व्यापारातली माणसं रोज डोळे लावून बसलेली असतात. पट्टीचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. पट्टीवर ७८ सेंटीमीटर असतं तेव्हा जहाजांच्या धारेत १.९० मीटर पाणी मिळतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पट्टी २५ वर आली, म्हणजे धारेत जेमतेम १.३७ मीटर. जहाजं निघत होती, पण क्षमतेच्या लहानशा हिश्श्याएवढाच माल घेऊन. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीला कच्चा माल पुरेना, उत्पादन कमी करावं लागलं. त्या वर्षीचा फटका सुमारे २५ कोटी युरोंचा.

जर्मन सरकारने तिथे जो प्रकल्प हाती घेतलाय तो माइन्झ ते सांक्ट गोआर या टप्प्यात १.९० ची हमी २.१० मीटरवर नेण्याचा. वीस सेंटीमीटर! ऐकायला किरकोळ वाटतं. पण ११० मीटर लांब, ११.४ मीटर रुंद, सपाट बुडाच्या जहाजाचं गणित मांडून बघा. बूड दहा सेंटीमीटर जास्त खाली जाऊ शकलं की साधारण ११० टन माल जास्त मावतो. वीस सेंटीमीटरला दोनशे टनांच्या वर, दर फेरीला, दर जहाजामागे, तेही नेमकं पाणी कमी असताना. यात नवा धक्का नाही, टर्मिनल नाही, फोटोत दिसेल असं काहीच नाही. तरी जलमार्गावर खर्च करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता उलट उदाहरण. अमेरिकेत ओहायो नदीवरचा ऑल्मस्टेड बंधारा आणि त्याचे लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाजाला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कोठ्या. लाकडी झडपांचे, १९२९ च्या सुमाराचे दोन जुने बंधारे बदलायला अमेरिकी काँग्रेसने १९८८ साली मंजुरी दिली, अंदाज ७७.५ कोटी डॉलर. चालू झालं २०१८ मध्ये, खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर. बांधण्याची पद्धत अवघड होती हे खरं. नदी न अडवता, काठावर ओतलेले काँक्रीटचे अजस्र भाग क्रेनने पाण्यात नेऊन बसवायचे, आणि तेही वर्षातल्या पाणी कमी असलेल्या महिन्यांतच. पण पैसाही वर्षाला थोडाथोडा येत राहिला. अशा कामात निधी तुटक आला की यंत्रं, माणसं आणि हंगाम तिन्ही वाया जातात, आणि भाववाढ आपली चालूच राहते. या एका कामाने सामायिक निधी इतका खाल्ला की बाकीच्या नद्यांवरचे जुने लॉक रांगेत उभे राहिले.

माझं म्हणणं एवढंच: जलमार्गाला पैसा देताना ‘किती टर्मिनलं बांधली’ हे मोजू नका. ‘वर्षातले किती दिवस किती खोली मिळाली’ हे मोजा आणि त्यावर पैसा द्या. तुम्हाला काय वाटतं?

---

आकडेमोड

चांगला धागा. पैसा येतो कुठून, यावर थोडी भर घालतो, कारण देखभाल का मागे पडते याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने बार्जच्या डिझेलवर कर आला. १९८० मध्ये गॅलनला ४ सेंट, वाढत वाढत १९९५ पर्यंत २०, आणि २०१५ पासून २९ सेंट. हा पैसा जलमार्गांच्या वेगळ्या न्यास निधीत जातो. १९८६ पासून नियम असा की नवं बांधकाम आणि मोठं पुनर्बांधकाम यांचा निम्मा खर्च या निधीतून, निम्मा सरकारी तिजोरीतून. लॉक चालवणं, गाळ उपसणं, रोजची दुरुस्ती हे सगळं तिजोरीतून.

पुढे हे प्रमाण सरकत गेलं. २०१४ मध्ये फक्त ऑल्मस्टेडपुरतं तिजोरी ८५, निधी १५. २०२० मध्ये सगळ्याच बांधकामांना ६५-३५, आणि २०२४ च्या कायद्याने ७५-२५. वर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात जलमार्ग बांधकामाला २५० कोटी डॉलर वेगळे मिळाले. म्हणजे वापरणाऱ्याचा वाटा घटतोय आणि करदात्याचा वाढतोय.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २० वरून २९ सेंटची वाढ बार्जवाल्यांनीच मागितली होती. आपल्यावरचा कर वाढवा असं म्हणणारा उद्योग विरळा. ते असं म्हणू शकले कारण पैसा कुठे जातो हे त्यांना दिसत होतं. वापरकर्त्यांचं सल्लागार मंडळ १९८६ पासून आहे आणि कुठलं लॉक आधी, कुठलं नंतर यावर ते बोलतं.

युरोपात दुसरं टोक. १८६८ च्या मानहाइम करारानुसार ऱ्हाईनवर जहाजाला पथकर नाही. जर्मनीने २०१९ पासून आपल्या इतर अंतर्गत जलमार्गांवरचीही बहुतेक शुल्कं काढून टाकली. तिथे सगळा भार सरकारवर, त्यामुळे देखभालीला किती मिळणार हे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठरतं.

---

नांगर

मी विरुद्ध बाजूने बोलतो. सरकारने हे पैसे द्यावेतच का? अमेरिकेत मालवाहू रेल्वे कंपन्या स्वतःचे रूळ स्वतः बांधतात, स्वतः सांभाळतात. शेजारच्या नदीवरून जाणाऱ्या बार्जचा मार्ग मात्र सरकार सांभाळणार. एकाच धान्याच्या पोत्यासाठी दोघं भांडत असताना एकालाच सरकारने हात देणं मला न्याय्य वाटत नाही. ज्याचा माल, त्याचा खर्च. खोली राखणं खरंच इतकं फायद्याचं असेल तर जहाजवाले एकत्र येऊन ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) आणतील.

---

खोलपाणी

नांगर, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

एक, नदीवरचा बंधारा फक्त बोटींचं पाणी धरून ठेवत नाही. त्याच पाण्यावर शहरांच्या पाणीयोजना असतात, वीजकेंद्रं थंड ठेवायचं पाणी असतं, काही ठिकाणी वीजनिर्मिती असते. बोटी बंद केल्या तरी बंधारा राखावाच लागतो. मग त्याचा सगळा खर्च बार्जवाल्याच्या नावावर कसा टाकणार? रुळांचं तसं नाही, ते फक्त रेल्वेचेच असतात.

दोन, जहाजवाले एकत्र येऊन ड्रेजर आणतील हे नदीवर घडत नाही. धार मोकळी केली की ती सगळ्यांना मोकळी. पैसे न दिलेल्या जहाजाला तिथून जाऊ नको म्हणता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो.

तीन, पर्यायाचा खर्च. मिसिसिपीवर पंधरा बार्जचा एक ताफा जो माल नेतो त्याला सुमारे १,०५० ट्रक किंवा २१६ रेल्वे वाघिणी लागतात. ते ट्रक ज्या रस्त्यांवरून जाणार ते रस्ते कोण सांभाळतं? सरकारच.

वापरणाऱ्याने काहीच देऊ नये असं मात्र मी म्हणत नाही. आकडेमोड यांनी सांगितलेला इंधनकर मला पटतो. फक्त त्यातला ठरावीक हिस्सा देखभालीला बांधलेला हवा.

---

दीपस्तंभ

देखभालीबरोबर ‘राखीव’ हा शब्दही जोडा. एकाच कोठीच्या लॉकवर विसंबलेल्या नदीवर काय होतं ते जर्मनीतल्या मोझेल नदीने दाखवलं.

८ डिसेंबर २०२४ ला म्युडेन इथे एक मालवाहू जहाज लॉकच्या दारावर आदळलं. दार निकामी. मोझेलवर लॉकची साखळी आहे, एक बंद पडलं की त्याच्या वरची सगळी नदी कोंडली जाते. सुमारे सत्तर जहाजं वरच्या बाजूला अडकली. त्यांना काढायला दाराऐवजी क्रेनने एकेक पोलादी आडवी फळी खोबणीत सोडायची, कोठी भरायची, रिकामी करायची, मग फळ्या एकेक करून उचलायच्या. असं करत दिवसाला मोजकी जहाजं बाहेर पडली. नवीन दारं बसून वाहतूक सुरळीत व्हायला साधारण दोन महिने गेले.

मोझेल १९६४ मध्ये मोठ्या जहाजांना खुली झाली. प्रत्येक ठिकाणी दुसरी कोठी बांधायची योजना जुनीच आहे. काही ठिकाणी ती झाली, म्युडेनला झालेली नाही. एक कोठी बंद पडली तर दुसरी चालू राहील, एवढ्यासाठी केलेला खर्च वर्षानुवर्षं वाया गेल्यासारखा दिसतो आणि मग एका दिवसात वसूल होतो.

याच्या शेजारी अमेरिकेतली इलिनॉय नदी ठेवा. तिथले १९३० च्या दशकातले लॉक २०२० आणि २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केले, पण कधी बंद होणार हे खूप आधी जाहीर करून आणि एकाच वेळी बरेच लॉक मिळून. शेतकरी, धान्यकोठारं, बार्ज कंपन्या सगळ्यांनी आधीच माल हलवला. तिथेही नदी काही महिने बंदच होती, फक्त कुणाचं जहाज कोंडलं गेलं नाही. असं नियोजन करायचं तर पुढच्या तीन-चार वर्षांचा पैसा नक्की हातात असावा लागतो. वर्षाच्या शेवटी मंजुरी येणार असेल तर अशी तारीख जाहीर करायची कुणाची छाती होणार?

---

तळमाप

मी काही वर्षं नदी सर्वेक्षणाच्या लाँचवर काम केलंय. खोलपाणी यांच्या ‘दिवस मोजा’ला अनुमोदन, पण मोजणं म्हणजे काय असतं ते सांगतो, कारण खर्चाच्या यादीत ते सर्वांत शेवटी येतं आणि कात्री सर्वांत आधी त्यालाच लागते.

लाँच एका काठावरून दुसऱ्या काठाकडे आडव्या रेघा मारत जाते. बुडाशी बसवलेलं यंत्र आवाजाचे ठोके तळाकडे पाठवतं, परत यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. उपग्रहावरून जागा कळते. पण ही झाली त्या घटकेची खोली. उद्या पाणी हातभर उतरलं तर? म्हणून जवळच्या पाणीमापक पट्टीवरची पातळी घेऊन सगळे आकडे ठरलेल्या किमान पातळीवर आणावे लागतात. पट्टी बिघडलेली असेल, वाहून गेलेली असेल किंवा तिची नोंद ठेवणारा माणूस नसेल, तर दिवसभराची मेहनत अंदाजावर येते. मला विचाराल तर जलमार्गाच्या आधुनिकीकरणातला पहिला रुपया आपोआप नोंद करणाऱ्या पट्ट्यांवर जावा.

एका कामात असं झालं की आम्ही उथळा मोजून नकाशा दिला. गाळ काढायची निविदा कार्यालयातून फिरून यायला तीन महिने लागले. तोवर मध्ये पाणी चढून उतरलं होतं. वाळू खालच्या अंगाला सरकली होती. पुन्हा मोजायला पैसे नाहीत म्हणाले. ड्रेजरने जुन्या नकाशावरच्या जागी काम केलं, घनमीटर भरले, बिल निघालं. नावाड्यांनी मात्र आपली खूण नव्या उथळ्यावर बांबू रोवून केली, आणि बार्ज त्या बांबूंवर विश्वास ठेवून जात राहिल्या.

त्या कार्यालयातल्या माणसांना दोष देत नाही. सर्वेक्षण, निविदा आणि उपसा तीन वेगळ्या लेखाशीर्षांखाली असतील तर असंच होणार.

---

मातीपाणी

सगळी चर्चा खोलीची चाललीय, नदीचीही करूया.

खोली मिळवायला दरवेळी उकरायचंच का? उकरलेली वाळू म्हणजे माशांची अंडी घालायची जागा, कासवांचे किनारे. डॅन्यूबवर बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या टप्प्यात बंधारा घालायचा की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला. २०१३ मध्ये बंधारा न घालता सौम्य उपायांनी खोली वाढवायचं ठरलं. मिळणारी खोली बंधाऱ्याइतकी नाही, पण वाहती नदी वाहती राहिली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

नेदरलँड्समध्ये वाल नदीवर टीलजवळ त्यांनी २०१५ च्या सुमाराला वेगळाच प्रयोग केला. काठातून धारेत घुसणारे जुने आडवे बांध काढून त्या जागी काठाला समांतर लांब बांध घातले, सुमारे दहा किलोमीटर. मुख्य बाजूला जहाजांची धार खोल राहते, बांधाच्या मागच्या बाजूला संथ पाण्याचा पट्टा तयार होतो, तिथे जहाजांच्या लाटा पोचत नाहीत आणि माशांची पिल्लं वाढतात. पुराच्या वेळी पाण्याला जागाही मिळते. एका खर्चात तीन कामं.

असे प्रयोग करायचे तर निधीत बांधकामानंतरची निरीक्षणं धरलेली असावी लागतात: मासे किती, तळ कुठे खचला, भूजल कुठे उतरलं. बहुतेक मंजुऱ्यांत पर्यावरण अहवालाचा पैसा असतो तो बांधकामाच्या *आधीचा*. नंतर बघायला कुणी जात नाही. खोलपाणी, तुमच्या ‘दिवस मोजा’मध्ये हे बसतं का?

---

खोलपाणी

मातीपाणी, बसवायलाच हवं. खोली हे एकच माप लावलं तर सगळे उकरण्याकडेच धावतील, हा धोका तुम्ही बरोबर दाखवलात. वालचं उदाहरण मला नवीन आहे, आभार.

---

पाटाचंपाणी

भारताचं उदाहरण या चौकटीत बसवून बघतो, कारण तिथे गेल्या दहा वर्षांत पैसा खरंच वाढलाय.

२०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५ चे १११ झाले. गंगेवरच्या हल्दिया ते प्रयागराज या १,६२० किलोमीटरच्या राष्ट्रीय जलमार्ग १ साठी जलमार्ग विकास प्रकल्प आला. मंजूर खर्च ५,३६९ कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचं ३७.५ कोटी डॉलर कर्ज. वाराणसीचं टर्मिनल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं, साहिबगंजचं २०१९ मध्ये, फरक्क्याला नवं लॉक बांधलं. खोलीचं उद्दिष्टही लेखी आहे: हल्दिया ते बाढ ३ मीटर, तिथून गाझीपूर २.५, पुढे वाराणसीपर्यंत २.२.

एकूण मालवाहतूक २०१३-१४ मध्ये १.८१ कोटी टन होती, २०२३-२४ मध्ये १३.३ कोटी टनांवर गेली. वाढ मोठी आहे, त्यात शंका नाही. पण टन हे माप फसवं आहे. यातला मोठा भाग समुद्रालगतच्या भरती-ओहोटीच्या खाड्यांमधून, थोड्या किलोमीटरच्या अंतरावर, कारखान्याच्या धक्क्यापर्यंत जाणारा कच्चा माल आहे. तिथे भरती रोज दोनदा फुकट खोली देते. गंगेच्या मधल्या टप्प्यात तसं काही नाही, तिथे प्रत्येक सेंटीमीटर मिळवावा लागतो. म्हणून टन नव्हे, टन-किलोमीटर बघावेत, आणि तेही जलमार्गागणिक वेगळे.

खोलपाणी यांना आवडेल अशी एक गोष्ट: या प्रकल्पात काही टप्प्यांत ‘खोलीची हमी’ देणारी गाळ-उपशाची कंत्राटं ठेवली. किती घनमीटर काढलं यावर नव्हे, ठरलेली खोली टिकवली का यावर पैसे. आणि उकरण्याआधीचा स्वस्त उपायही तिथे जुना आहे. बांबूच्या चटया धारेत तिरक्या रोवायच्या, पाणी मधल्या पट्ट्यात ढकललं जातं आणि नदी स्वतःच तळ खरवडते. हंगाम संपला की काढून टाकायच्या. मातीपाणी, याला कायमचं बांधकामच लागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘जलवाहक’ योजना आली. ठरावीक जलमार्गांवर माल नेणाऱ्याला चालवण्याच्या खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतावा. मला यात धाकधूक वाटते. परतावा आहे तोवर माल येईल. पण मालधनी कायमचा तेव्हाच वळेल जेव्हा त्याला सांगता येईल की मे महिन्यातही बार्ज पूर्ण भरून वेळेवर पोचेल. ते परताव्याने होत नाही.

---

आकडेमोड

पाटाचंपाणी, शेवटच्या मुद्द्याला +१. मालधन्याला दर परवडला तरी अनिश्चितता परवडत नाही.

लॉकच्या मापाचंही तसंच. वरच्या मिसिसिपीवर बहुतेक लॉक ६०० फुटांचे आहेत आणि पंधरा बार्जचा ताफा १,२०० फुटांच्या जवळ जातो. मग ताफा मध्येच सोडवायचा, पुढच्या नऊ बार्ज आत घालायच्या, पलीकडे ओढून बांधायच्या, लॉक परत फिरवायचं, मग टगबोटीसह उरलेल्या सहा आणायच्या आणि पुन्हा तारा आवळायच्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम दीड-दोन तासांवर जातं, शिवाय तारांशी खेळणाऱ्या खलाशांना धोका असतोच. मागे रांग असेल तर तो वेळ प्रत्येक ताफ्याला भरावा लागतो. इथे मात्र नवीन, लांब कोठी बांधणं हाच उपाय आहे. म्हणजे बांधकाम वाईट नाही, एवढं नोंदवतो.

---

नांगर

दीपस्तंभ आणि तळमाप यांचे प्रतिसाद वाचून माझी भूमिका थोडी बदलली. सरकारने पैसा द्यावा हे मान्य. पण मग वापर घटलेल्या मार्गांचं काय? जिथे माल येतच नाही तिथेही खोली राखत बसायची का?

---

दीपस्तंभ

नांगर, ब्रिटनचे जुने कालवे बघा. मालवाहतूक जवळजवळ संपली, पण कालवे, बोगदे आणि त्यांना पाणी पुरवणारी धरणं उभी आहेत. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले कालवे सरकारी संस्थेकडून एका धर्मादाय न्यासाकडे गेले. सरकारी अनुदान २०२७ पासूनच्या दहा वर्षांसाठी ४०.१ कोटी पौंड ठरलंय, आणि ते दरवर्षी पाच टक्क्यांनी घटत जाणार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा पावसात उखडला आणि सुमारे दीड हजार माणसांना घरं सोडावी लागली. ते धरण कालव्याला पाणी द्यायलाच बांधलेलं, एकोणिसाव्या शतकातलं.

माल नसला तरी धोका तिथेच असतो. व्यापारी मार्ग म्हणून बंद करायचा तर करा, पण मग पाणी सुरक्षित उतरवायचा खर्चही मोजा. तो बहुधा कुणीच मोजत नाही.

---

खोलपाणी

आता ‘दिवस मोजा’ कुणी प्रत्यक्ष करतं का, ते सांगतो. खालच्या डॅन्यूबवर रोमेनिया आणि बल्गेरियामध्ये नदीच सीमा आहे. १९५५ च्या करारानुसार धारेची देखभाल वाटलेली आहे: मुखापासून मोजलेल्या ६१० व्या किलोमीटरच्या वर रोमेनियाकडे, खाली ३७४ पर्यंत बल्गेरियाकडे. उथळे दोघांकडे आहेत आणि एकाने काम केलं, दुसऱ्याने नाही, तर जहाजाला उपयोग शून्य.

डॅन्यूब आयोगाचं माप असं: वर्षातले ९४ टक्के, म्हणजे ३४३ दिवस जी पातळी मिळतेच, त्या पातळीला धारेत २.५ मीटर पाणी हवं. २०१४ मध्ये काठावरच्या बहुतेक देशांनी एक सामायिक देखभाल आराखडा मान्य केला. त्यानंतर कुठल्या देशात कुठल्या उथळ्यावर किती दिवस २.५ मीटर मिळालं आणि देखभालीला किती पैसा लागणार होता, त्यातला किती मिळाला, हे देशवार छापलं जातं. युरोपीय संघाच्या निधीतून सर्वेक्षणाच्या बोटी, बोये (धार दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) लावणाऱ्या बोटी आणि पाणीमापक केंद्रं घेतली गेली.

पण मुख्य अडचण तिथेही तीच. बोट घ्यायला संघाचा पैसा मिळतो. तिचं डिझेल, तिच्यावरची माणसं आणि दरवर्षीचा उपसा हे त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकातून यावं लागतं, आणि तिथे हात आखडतो. तरी हे जाहीर झाल्यामुळे कुठला देश कुठल्या उथळ्यावर कमी पडला ते सगळ्यांना दिसतं, आणि मला ती मोठी गोष्ट वाटते.

पाटाचंपाणी आणि तळमाप, मला हमीच्या कंत्राटाबद्दल विचारायचंय. खोली टिकली की नाही हे ठरवणार कोण?

---

तळमाप

हाच कळीचा प्रश्न. घनमीटरवर पैसे असतात तेव्हा कंत्राटदार जिथे वाळू मऊ तिथे उकरतो. खोलीवर पैसे असतात तेव्हा सगळी ओढाताण मोजणीवर येते. म्हणून मोजणारा वेगळा हवा, कंत्राटदाराचाही नको आणि उपशाचं बिल मंजूर करणाऱ्या कार्यालयाचाही नको. मोजणी ठरल्या तारखेला नको, कारण तारीख माहीत असली की आदल्या आठवड्यात ड्रेजर तिथेच उभा राहतो. पूर ओसरल्यावर पंधरवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

कपात दिवसाप्रमाणे असावी, सरसकट नको. खोली दोन दिवस कमी पडली तर दोन दिवसांचे कापायचे. नाहीतर एकदा हमी मोडली की उरलेला हंगाम कंत्राटदार ड्रेजर दुसरीकडे हलवतो. मोठ्या पुराने नदीने वळणच बदललं तर ते कुणाच्या माथी, हेही आधी लिहिलेलं हवं. मी पाहिलेल्या मसुद्यांत सगळ्यात जास्त भांडणं याच कलमावरून झाली.

आणि मोजलेले आकडे त्याच दिवशी नावाड्यांच्या फोनवर पोचले पाहिजेत. ते रोज त्या उथळ्यावरून जातात. नकाशा चुकीचा असला तर पहिल्याच फेरीत कळवतील.